पाण्याच्या कॅनची कडी

कारखान्यात त्याला सगळे सूतभर म्हणत. नाव त्यानं स्वतःच ओढवून घेतलं होतं. कुणाचंही काम हातात घेतलं की एक डोळा बारीक करून तो म्हणायचा, "सूतभर चुकलंय," आणि दहातल्या नऊ वेळा ते खरंच चुकलेलं असायचं. कारखाना खेळण्यांचा, पण लहान मुलांच्या हाती सहसा न पडणाऱ्या खेळण्यांचा. क्रेन, डंपर, रोडरोलर, पोकलेन, सगळं खऱ्याच्या बरोब्बर एक पन्नासांश. खऱ्या यंत्राचे पाच मीटर म्हणजे इथले दहा सेंटिमीटर. ही मॉडेलं मोठी माणसं घेत, काचेच्या कपाटात ठेवत आणि भिंग लावून त्यांतल्या चुका शोधत. त्यांना चूक सापडू नये हे सूतभरचं काम. वीस वर्षं त्यानं ते इमानानं केलं होतं. एखाद्या दुकानात साधा खेळण्यातला डंपर दिसला तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची. चाकं डोईजड, आणि केबिन अशी की ड्रायव्हर बसला तर गुडघे हनुवटीला लागतील. बायको म्हणायची, लोक भातात खडा आला तरी इतकं तोंड वाकडं करत नाहीत.

त्या वर्षी एका जुन्या पोकलेनचं मॉडेल काढायचं ठरलं. ते यंत्र बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती आणि तिचे नकाशे रद्दीत गेले होते. फोटो होते, पण फोटोवरून उंची-रुंदी काढता येते, लोखंड आत किती वळलंय ते कळत नाही. असं एखादं चालतं यंत्र कुठे सापडेल म्हणून मॅनेजरबाईंनी दीड महिना फोन फिरवले. सूतभर गप्प होता. खरं तर असं एक यंत्र कुठे आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शहराबाहेरच्या दगडखाणीत ते रोज चालत होतं, आणि एकोणीस वर्षं ते चालवत होते त्याचे दाजी, सख्ख्या थोरल्या बहिणीचे यजमान.

गप्प राहण्याचं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. त्याला दाजींची लाज वाटायची. नखांत कायमचं बसलेलं ग्रीस, यंत्राच्या घरघरीनं कान अधू झालेले म्हणून मोठ्यानं बोलणं, हसताना समोरच्याच्या पाठीवर थाप मारणं. ऑफिसात त्यानं कधीतरी सांगून ठेवलं होतं की ताईचे यजमान खाणीच्या व्यवसायात आहेत. त्यातून कुणी त्यांना मालक समजलं तर तो गैरसमज दूर करत नसे. शेवटी ते मॉडेल सोडून द्यायची वेळ आली, तेव्हा तो एवढंच बोलला की ओळखीतून एक यंत्र मिळालंय.

तो ताईकडे गेला. वर्षभरात त्यानं त्या घराची पायरी चढली नव्हती. दाजींनी ते मनात ठेवलं नाही. उलट लहान पोरासारखे हरखले. यंत्राला ते म्हातारी म्हणत. म्हातारी आता काचेच्या कपाटात बसणार, असं त्यांनी शेजाऱ्यांनासुद्धा ओरडून सांगितलं.

ठरलं असं होतं की सुट्टीच्या दिवशी दोघांनी मिळून मापं घ्यायची. सूतभर एकदाच गेला. खाणीतली भुकटी नाकातोंडात गेली, नवे बूट पांढरे झाले, ऊन डोक्यावर आलं. अर्ध्या तासात चार फोटो काढून, काम आहे असं सांगून तो निघाला. पुढच्या पाच सुट्ट्या दाजी एकटेच जात राहिले. त्यांच्याकडे लोखंडी टेप होता, बाकी सगळी अक्कल स्वतःची. बूमचा, म्हणजे यंत्राच्या लांब हाताचा, बाक मोजायला त्यांनी जाड पुठ्ठे कापून लोखंडाला भिडवले. होज पाइपांच्या वळणांवरून सुतळी फिरवून तिला गाठी मारल्या. चेनच्या पट्ट्या हात लावून मोजल्या, एका बाजूला एकोणपन्नास, दुसऱ्या बाजूलाही तेवढ्याच. बकेटच्या पाच दातांतला प्रत्येक दात वेगळा मोजला, कारण झिजून ते सारखे राहिले नव्हते, आणि खाली लिहिलं की नवा दात एवढा असतो. चौकटींची शाळेची वही भरली. ती त्यांनी पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यासकट आणून दिली आणि म्हणाले, "नीट वाच हं. अक्षर वाईट आहे, पण मापं चोख आहेत."

मापं खरोखरच चोख होती. सूतभरनं आकडे उचलले, पन्नासानं भागले, आणि आठ महिन्यांनी टेबलावर जे उभं राहिलं ते मॅनेजरबाईंनी भिंग लावून चारी बाजूंनी पाहिलं. बूम उचलला की पिस्टनची कांडी खऱ्यासारखी सरकायची. केबिनच्या मागे तीन मिलिमीटरची एक नाजूक कडीसुद्धा होती.

नव्या मॉडेलचं अनावरण एका रविवारी सकाळी भाड्याच्या हॉलमध्ये झालं. शंभरेक संग्राहक आले होते. सूतभरनं ताईला फोनवर ओझरतं सांगितलं होतं, येणार नाहीत अशा हिशोबानं. ती दोघं तिसऱ्या रांगेत बसली होती. दाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हात मांडीवर उलटे ठेवले होते, नखं दिसू नयेत असे. सूतभरला ते व्यासपीठावरून दिसलं, आणि त्याला बरं वाटलं.

कुणीतरी विचारलं की नकाशे नसताना इतकी अचूक मापं आली कुठून. खरं उत्तर दोन वाक्यांचं होतं आणि ती मापं घेणारा माणूस समोर बसला होता. पण शंभर माणसं आपल्याकडे कौतुकानं पाहताहेत हे सूतभरला नवीन होतं.

"स्वतः वर चढून घेतली," तो म्हणाला. "पाच सुट्ट्या गेल्या. पुठ्ठे कापले, सुतळीला गाठी मारल्या."

टाळ्या पडल्या. त्यानं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. दाजीही टाळ्या वाजवत होते. ताई वाजवत नव्हती.

मग पुढच्या रांगेतल्या एक आजी उठल्या. यंत्रांच्या सुट्या भागांच्या गोदामात त्यांची हयात गेली होती आणि कुठल्याही बोल्टाचा नंबर त्यांना तोंडपाठ होता, असं संग्राहक आदरानं सांगत. त्यांनी मॉडेल हातात घेऊन भिंग लावलं आणि केबिनच्या मागची कडी कशाची आहे असं शांतपणे विचारलं.

सूतभरला माहीत नव्हतं. तो म्हणाला, आग विझवायच्या नळकांड्याची.

"नाही," आजी म्हणाल्या. "ह्या यंत्रात ते सीटच्या खाली यायचं. मी शेकड्यांनी पाठवलीत. इथे काही नव्हतं."

हॉलमध्ये कुजबुज झाली. वीस वर्षांत पहिल्यांदा भरसभेत कुणी त्याची सूतभर चूक काढली होती. मॅनेजरबाई त्याच्याकडे पाहत होत्या.  तो घाईघाईनं म्हणाला, मदतीला एक ऑपरेटर होता, त्याच्याकडून गफलत झाली असेल. अशा माणसांना मूळचं काय आणि मागून जोडलेलं काय, हे कळतंच असं नाही.

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या कानांवर आलं. तोवर दाजी उभे राहिले होते.

"तो ऑपरेटर मीच," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मोठा होता, सगळ्यांना ऐकू गेला. "कडी मी वेल्डिंग करून लावलीय. पाण्याचा कॅन अडकवायला. माझीच चूक झाली."

ते बसले. काही लोक हसले, तसं वाईट मनानं नाही. आजी मात्र हसल्या नाहीत. त्या दाजींकडे आणि मग सूतभरकडे पाहत राहिल्या. कार्यक्रम पुढे सरकला, चहा आला, आणि सूतभर लोकांतून वाट काढत तिसऱ्या रांगेपर्यंत पोचला तेव्हा दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

दुपारी तो कारखान्यात गेला. सुट्टी असल्यामुळे आत कुणी नव्हतं. खणातून त्यानं दाजींची वही काढली. मनात कुठेतरी आशा होती की चूक खरंच त्यांची निघेल, म्हणजे निदान अर्धा भार उतरेल. केबिनच्या मागच्या बाजूचं पान सापडलं. कडीचं चित्र होतं, माप होतं, आणि खाली वाकड्या अक्षरांत दोन ओळी होत्या: 'हे कंपनीचं नाही. मी लावलंय. मॉडेलात घेऊ नये.' खाली रेघसुद्धा मारली होती.

त्या अक्षराचा कंटाळा येऊन त्यानं वहीतले फक्त आकडे वाचले होते.

तो तिथेच स्टुलावर बसून राहिला. एकटाच असून त्यानं मान खाली घातली. खोटं बोललो हे वाईटच होतं, पण त्याहून एक गोष्ट त्याला आतून कुरतडत होती. मापं आपण घेतली असं तो म्हणाला तेव्हा दाजींनी टाळ्या वाजवल्या होत्या. म्हणजे श्रेय गेलं तेव्हा ते त्यांनी आनंदानं जाऊ दिलं, आणि दोष आला तेव्हा उठून घेतला. आणि हात मात्र ते मांडीवर उलटे ठेवून बसले होते. ते कुणासाठी, हे त्याला आत्ता कळत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो ताईकडे गेला. दार तिनंच उघडलं. आत ये म्हणाली नाही, पण वाटेतून बाजूला झाली.

दाजी मोरीत हात धूत होते. सूतभर दारात उभा राहून बोलला. वहीतल्या दोन ओळी आपण वाचल्याच नव्हत्या, चूक पूर्ण आपली, आणि जे बोललो त्याला माफी नाही, असं सगळं त्यानं एका दमात सांगितलं. घरून निघताना पाठ केलेलं होतं, तरी मधेच अडखळला.

दाजींनी टॉवेलला हात पुसले. नेहमीसारखं "काय म्हणालास?" असं त्यांनी विचारलं नाही. सगळं ऐकू आलं होतं.

"मी लिहिलं होतं, ते मला माहीतच होतं," ते म्हणाले. "तिथे उठून तसं सांगितलं असतं तर तू कुठे तोंड दाखवलं असतंस?"

"मग सांगायचं होतं, दाजी. मी त्याच लायकीचा होतो."

"तुझ्यासाठी नाही उठलो मी." त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. "ती शेजारी बसली होती. तुझं नाक कापलं गेलं असतं तर ते तिच्या माहेरचं होतं. तिच्याकडे भाऊ म्हणून तू एकटाच आहेस."

ताईनं चहा आणून ठेवला. ती एवढंच म्हणाली की पाच सुट्ट्या ह्या माणसानं दुपारचं जेवण खाणीत उभ्यानं केलं, आणि तू त्यांना 'अशी माणसं' म्हणालास. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

मॅनेजरबाईंना त्यानं वही दाखवली. त्या म्हणाल्या, मॉडेलं विकली गेलीत, कडीचं कुणाला एवढं पडलंय, गप्प बस. त्यानं ऐकलं नाही. पुढच्या महिन्यात संग्राहकांची बैठक होती. तिथे त्यानं वही सगळ्यांसमोर ठेवली आणि उभं राहून सगळं सांगितलं. मापं कुणी घेतली, इशारा कुणी लिहिला, तो कुणी वाचला नाही, आणि तो ऑपरेटर आपल्या बहिणीचा नवरा आहे. शेवटचं वाक्य म्हणताना आवाज चिरकला. ह्या वेळी टाळ्या नव्हत्या. पाठच्या रांगेत कुणीतरी खाकरलं, कुणी मोबाइल पाहू लागलं. आपण बरं काम केलं असं त्याला मुळीच वाटलं नाही. फक्त उघडं पडल्यासारखं वाटलं.

बैठक संपल्यावर गोदामातल्या आजी काठी टेकत त्याच्याजवळ आल्या. त्यांनी ना शाबासकी दिली ना बोल लावला. म्हणाल्या, "वही पाहिली मी. झिजलेला दात आणि नवा दात वेगवेगळा मोजणारा माणूस मला भेटायचाय."

दाजी हॉलमध्ये यायला तयार नव्हते. हॉल बघून झाला, असा त्यांनी ताईकरवी निरोप दिला. म्हणून सूतभरच एका सुट्टीला आजींना आपल्या गाडीतून खाणीवर घेऊन गेला.

आजींनी यंत्राभोवती एक फेरी मारली, लोखंडावर हात फिरवला आणि एका पंपाचा नंबर म्हणून दाखवला. दाजींनी तो पंप कुठल्या वर्षी बदलला ते सांगितलं. मग दोघांची जी जुंपली! कुठला सील सहा महिन्यांत गळायचा, त्यावर कंपनीनं काय तोडगा काढला, तो तोडगा कसा कुचकामी होता आणि दाजींनी त्यावर काय शोधलं. आजी हसून हसून खोकल्या. दाजींनी त्यांना हाताला धरून केबिनमध्ये बसवलं. त्या वयात त्या वर कशा चढल्या देव जाणे.

सूतभर खाली उन्हात उभा होता, आजींची काठी आणि पिशवी घेऊन. दोन तास त्याला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारावं असं त्याच्याजवळ काही नव्हतंही. बोलण्यातले निम्मे शब्द त्याला नवे होते. ह्या यंत्राचा प्रत्येक भाग त्यानं पन्नासानं भागला होता, आणि त्यांतला एकही काय काम करतो हे त्याला धड सांगता आलं नसतं. वीस वर्षं इतरांना सूतभर चुकलंय म्हणून सांगत आलेला तो माणूस मान वर करून नुसता ऐकत राहिला.

ऊन कलल्यावर दाजींनी आजींना सांभाळून उतरवलं आणि गाडीपर्यंत आणून सोडलं. पुन्हा या म्हणाले, आजीही येईन म्हणाल्या. मग दार लावताना ते सूतभरकडे वळले. त्या संध्याकाळनंतर ते पहिल्यांदाच थेट त्याच्याशी बोलत होते.

"सावकाश ने," ते म्हणाले. "उताराला खडी आहे."