छताच्या पहारेकऱ्याला मिळालेली टोपी

मित्रांनो, तुम्ही माझ्याखालून रोज जाता आणि मला कधी बघतही नाही. जरा मान वर करा. छताला उलटी चिकटवलेली बशी असावी तसा, पिवळट पडलेला, लाल दिवा लुकलुकवणारा तो मी. फायर अलार्मचा जुना सेन्सर आहे मी. धूर हुंगतो, उष्णता जोखतो आणि दोन्हींपैकी काहीही बेताबाहेर गेलं की बोंब मारतो. भोंगा माझ्या पोटातच आहे, त्यामुळे ओरडायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

माझा जन्म ताश्कंदच्या एका कारखान्यात झाला. तिथे एका मुलीने माझ्या तोंडावर धुराचा फवारा मारला, मी किंचाळलो, तिने कानांवर हात ठेवले आणि "हा पास!" म्हणून मला खोक्यात टाकलं. माझं शिक्षण एवढंच. मग मी उझबेकिस्तानातल्याच मर्गिलान गावच्या एका बालवाडीत आलो. तिथले वायरमन सोबिरअका यांनी मुलांच्या झोपायच्या खोलीत मला बसवलं. इमारतीत माझे आणखी नऊ भाऊ आहेत. आम्ही एकाच वायरीने बांधलेले आहोत, एक ओरडला की सगळे ओरडतात. शिडी उतरताना सोबिरअका म्हणाले, "मुलं झोपली की तू जागा राहायचंस, काय? पगार नाही, रजा नाही." ते हसले, पण मी मात्र ते मनावर घेतलं.

सहा वर्षं काहीच घडलं नाही. आमच्या कामात यालाच यश म्हणतात, पण त्याबद्दल पाठ कोण थोपटणार? माझ्यावर धूळ बसली. कोळ्याने बिऱ्हाड थाटलं.

मग त्या हिवाळ्यात गावभर तापाची साथ आली. आमच्या होसियतओपा रोज सकाळी तव्यात निखारे घेऊन, वर वाळलेलं इसिरिक टाकून, मुलांच्या या झोपायच्या खोलीत धूर फिरवू लागल्या. होसियतओपा बालवाडीत मुलं सांभाळणाऱ्या आया; इथे बाप्यांना मानाने अका म्हणतात, बायांना ओपा. इसिरिकचं झुडूप जाळलं की रोग पळतो आणि दृष्टही उतरते, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. त्यांची चार वर्षांची नात मोहिगुल याच खोलीत झोपायची. ती नुकतीच तापातून उठली होती, काडीसारखी झाली होती. धूर तिच्या खाटेभोवती तीनदा फिरायचा आणि तिथून सरळ माझ्या नाकात यायचा.

मी ओरडायचो. मागोमाग माझे नऊ भाऊ ओरडायचे. मुलं दचकून रडायची, स्वयंपाकीणबाई पातेलं टाकून अंगणात धावायच्या.

"मेल्या, तुझ्या घशाला काय कीड लागलीय का?" होसियतओपा तवा हलवत मला म्हणायच्या. "मी पोरांचं वाईट करतेय होय रे?"

सोबिरअका रोज येऊन मला गप्प करायचे. पाचव्या दिवशी त्यांनीही हात टेकले. "ओपा, तवा अंगणात फिरवा की! याला इसिरिक कळत नाही, धूर तेवढा कळतो."

"अंगणात काय कावळ्यांची दृष्ट काढू?"

मुख्याध्यापिका मुहय्योओपा दारात उभ्या होत्या. त्या नुसत्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी होसियतओपा शिडी चढून वर आल्या. हातात मोहिगुलची जुनी टोपी होती, चार कोनांची, काळी, पांढऱ्या टाक्यांच्या नक्षीची. आतून कापूस कोंबून त्यांनी ती माझ्यावर घट्ट बसवली, कडेने पट्टी चिकटवली. खाली मुलांनी टाळ्या पिटल्या, आणि मुहय्योओपा आजही दारात उभ्या राहून बघत होत्या. इथे पाहुण्याला मान द्यायचा तर टोपी घालतात. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला वाटलं माझा सत्कार झाला! मी आतल्या आत फुगलो. पुढचे कितीतरी दिवस मला कसलाच वास आला नाही, आणि मला त्याचं काही वाटलंही नाही.

एका दुपारी खोल्या तापवणारा गॅस मंदावला. थंडीत इथे तो असाच रुसतो. मुहय्योओपांनी खोलीत विजेची शेगडी लावायला सांगितली. बावीस मुलं झोपली, त्यांच्या बाई दार लोटून जेवायला गेल्या. कोपऱ्यात कापसाच्या गाद्यांची चळत होती. तिच्यातली वरची गादी घसरून शेगडीवर पडली.

गादीतला दाबलेला कापूस लगेच भडकत नाही, तो धुमसत राहतो. त्याला धूर फार असतो, पण छतापर्यंत उष्णता यायला वेळ लागतो. मला काहीच कळलं नाही, आणि बंद दारापलीकडच्या माझ्या भावांनाही नाही. मग कुणीतरी खोकलं. मागोमाग दुसरं, तिसरं. टोपीखाली मी ते ऐकत होतो. कान होते, नाक नव्हतं, आणि नाकाशिवाय मला ओरडता येत नाही. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

होसियतओपा बाहेर कपड्यांच्या घड्या करत होत्या. खोकला ऐकून त्यांनी दार उघडलं. "या अल्ला!" आधी त्यांनी वायर ओढून शेगडी बंद केली. मग त्या ओरडल्या, पण बाकीच्या बाया अंगणापलीकडे स्वयंपाकघरात होत्या. मोहिगुलची खाट दारालगतच होती. तिला उचलून बाहेर पळणं सोपं होतं. पण मग उरलेली एकवीस?

त्यांनी वर पाहिलं. कोपऱ्यातला झाडू उचलला आणि दांड्याने माझी टोपी भोसकली. एकदा, दोनदा. तिसऱ्या घावाला पट्टी फाटली आणि टोपी खाली आली.

"ओरड!" त्या रडत म्हणाल्या. "ओरड की रे!"

धूर आत शिरला आणि मी ओरडलो. दहाच्या दहा जण ओरडलो. बाया धावत आल्या, सोबिरअका आले, आणि मुलं रजयांत गुंडाळून एकेक करून बाहेर बर्फात पोचली. बावीसच्या बावीस. शेवटचं मूल आणलं होसियतओपांनी, आणि ते मूल मोहिगुल नव्हतं. तिला त्यांनी सोबिरअकांच्या हातात आधीच दिलं होतं, आणि स्वतः परत आत गेल्या होत्या.

अलार्म वेळेवर का वाजला नाही याच्या चौकशीला माणसं आली तेव्हा मुहय्योओपा म्हणाल्या, "रंगकाम झालं होतं, तेव्हाचं झाकण राहिलं असेल."

"नाही," होसियतओपा म्हणाल्या. "मी झाकलं. या माझ्या हातांनी. आणि मोठ्या बाई, तुम्ही दारात उभ्या होतात."

मुहय्योओपांनी मान खाली घातली. आता इसिरिक अंगणातच जळतं, आणि महिन्यातून एकदा होसियतओपा काठीने माझं बटण दाबून माझा आवाज तपासतात.

मित्रांनो, चूक माझीही होती. औषधाचा धूर आणि आगीचा धूर मला वेगळे ओळखता येत नाहीत, आणि कधी येणारही नाहीत. ते तुम्ही ओळखायचं. मी ओरडलो की या, बघा, काही नसेल तर खुशाल शिव्या द्या. पण माझं तोंड बांधू नका. तापातून उठलेल्या मोहिगुलच्या छातीत तो धूर बसला होता; ती अकरा दिवसांनी दवाखान्यातून परत आली. ती आता दारापासून लांब, खिडकीजवळ झोपते. दुपारी सगळी मुलं शांत झाली की तिला अजून खोकला येतो, आणि मी जागा असतो.