फरक बघायला आलेली गाडी

"शेळ्या लपव!"

"नाय लपवणार!"

शेजारच्या घरात सकाळी सकाळी अशी जुंपली, की आमच्या छपरावरचा कावळा चोचीतला घास टाकून परागंदा झाला. खोटं वाटत असेल तर कावळ्याला विचारा.

भांडण एका शब्दाचं. मागल्या साली शहरातल्या मदतवाल्या संस्थेनं या घराला एक गाभण शेळी दिली. तिचं आता अंगणभर बिऱ्हाड झालं होतं. संस्थेची बाई आज परत येणार होती. तिचा निरोप होता, "फरक बघू, मग इंजिनाचं ठरवू." ओढ्याचं पाणी वर चढवायला ते इंजिन मिळालं तर चवळीच्या शेंगांचा मळा जगणार. नाहीतर ढेकळं अशी वाळलेली, की पायाखाली भांड्यासारखी वाजायची.

"फरक म्हणजे आपण किती सुधारलो ते," शेजारीण म्हणाली. तिला सारं गाव वहिनी म्हणतं.

"खुळी का काय! भरल्या पोटाला कोण वाढतंय? कोण जास्त गरीब, तो फरक बघणार ती!"

हा तिचा नवरा. आम्ही त्याला धसक्या म्हणतो. पान हललं तरी चार हात उडतो.

वहिनी भिंत सारवायला बसली. धसक्यानं तिच्या पाठीमागून सगळ्या शेळ्या माझ्या घरात कोंबल्या.

"काका, गाडी जाईस्तोवर तोंड दाबून धरा."

"कुणाचं? तुझं का शेळ्यांचं?"

मग त्याला फाटका सदरा पाहिजे होता. घरभर सापडेना, तेव्हा चांगला होता तोच फाडला. तो घालून रस्त्याकडं, तिथनं माझ्या दाराकडं, पुन्हा रस्त्याकडं. धुळीचा वारा आणि हा, दोघं मिळून घिरट्या घालत होते.

गाडी आली. बाई उतरली.

"शेळी कुठंय?"

"मेली, बाई," धसक्या म्हणाला.

वहिनीचा सारवता हात भिंतीवर तसाच थांबला. आणि माझ्या घरातून मेलेली ओरडली.

मी दार पाठीनं दाबून धरलं होतं. काय सांगू, दारासकट अंगणात आलो! माझ्यावरून अख्खं बिऱ्हाड धावत वहिनीकडं गेलं. थोरल्या शेळीच्या तोंडात माझी चादर.

बाईनं शेळ्या बघितल्या, सदरा बघितला.

"माझ्यापासून लपवलंत?"

धसक्याचं तोंड मातीसारखं झालं. वहिनी हात पुसत पुढं आली.

"लपवलं, बाई. तुम्ही फरक बघायला आलात ना? मग हाच की तो. मागल्या खेपेला आमच्याकडं लपवायला होतं काय?"

बाई हसली नाही. थोरलीच्या दातांतनं माझी चादर सोडवली, झटकली, माझ्या हातात दिली.

"ओढा दाखवा," म्हणाली.

आता इंजिन खोकलं, की धसक्या उडतो. शेंगा मात्र अशा लागल्यात, की एकीला धरून मी छपरावर चढतो. सदरा अजून तसाच फाटका. वहिनी शिवून देत नाही.

"असू दे," म्हणते. "फरक दिसतो."