हलू नका, चित्र चालू आहे

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून अंबरीशने रोबो बोलावला होता. आमचा हा एकुलता एक मुलगा एडिनबराला हार्टचा डॉक्टर आहे, आणि त्याला कुठलीही गोष्ट साधी करता येत नाही. मी म्हटलं होतं, लंडनजवळ आमच्या पिनरमधलाच चर्चचा हॉल घेऊ, साठ माणसं, बटाटेवडे आणि श्रीखंड, संपलं. हॉल तोच घेतला, वडेही झाले, पण कोपऱ्यातल्या टेबलावर एक पांढरा यांत्रिक हात येऊन बसला. त्याच्या टोकाला पेन आणि मनगटाशी कॅमेरा. पाहुण्याने समोरच्या स्टुलावर बसायचं आणि हाताने त्याचा चेहरा कागदावर काढायचा. हात सांभाळायला तनू नावाची मुलगी होती, रीडिंग गावच्या एका कंपनीतली इंजिनिअर. आईवडील साताऱ्याचे, जन्म इकडचा, मराठी मोडकंतोडकं.

मला त्या रोबोशी काही घेणंदेणं नव्हतं. मला केक कापायच्या आधी श्रीकांतना एकटं गाठून एवढंच सांगायचं होतं, की घर विकायचं नाही.

श्रीकांत, म्हणजे आमचे हे, रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवून टाकलं की पिनरचं घर विकायचं आणि अंबरीशच्या शेजारी राहायला जायचं. ईरा चार वर्षांची आहे, नातीला आजी हवी. घ्यायला माणूसही मिळाला. घर दोघांच्या नावावर, म्हणून सोमवारी सकाळी नऊला सॉलिसिटरकडे माझीही सही लागणार होती. मी तीन वेळा म्हटलं, मला नाही जायचं. तिन्ही वेळा ते म्हणाले, पार्टी होऊ दे, मग बोलू. जन्मभर ऑपरेशन थिएटरमध्ये लोकांना भूल दिली ह्यांनी. माणूस बोलता बोलता गप्प कसा करायचा हे त्यांच्याकडून शिकावं.

ह्यांच्या नोकऱ्यांपायी मी चार गावं बदलली. प्रत्येक ठिकाणी नवं घर लावलं आणि प्रत्येक ठिकाणी डॉक्टरांची मिसेस म्हणून राहिले. पंचावन्नाव्या वर्षी, सातव्या टेस्टला, मी ड्रायव्हिंग पास झाले. गेली आठ वर्षं सोमवार ते गुरुवार मी म्हाताऱ्यांची मिनीबस चालवते, घरून डे सेंटरला आणि परत. त्या बसमध्ये मी कोणाची मिसेस नसते. एडिनबरालाही चालवायला बस मिळेल, असं अंबरीश म्हणतो.

वड्यांचा ट्रे घेऊन मी हॉलमध्ये आले तेव्हा मॉरीन स्टुलावर होती. ती आमची शेजारीण, चौऱ्याऐंशीची, माझ्या बसमधली पहिली सवारी. हात तिचं चित्र काढत होता आणि बाई चहा पीत गप्पा मारत होती. मध्येच काठी टेकत उठली आणि बिस्कीट घेऊन आली. मी मनात म्हटलं, हिचं काय डोंबलाचं चित्र येणार. आमची मंडळी मात्र शहाण्यासारखी बसत होती. ह्यांचे मित्र उदयराव तर श्वास रोखून, पासपोर्टचा फोटो असावा तसे. आमच्या पिढीला फोटो म्हणजे हलायचं नाही एवढंच ठाऊक.

श्रीकांतचं चित्र मी आत असताना होऊन गेलं होतं. ते मायक्रोफोनकडे निघालेले दिसले. हे आधी सगळ्यांना सांगून टाकणार, आणि मग मी नाही कशी म्हणणार? मी ट्रे ठेवून धावले, तर वाटेत प्रमोदिनीवन्संनी दंड धरला. त्या माझ्या थोरल्या नणंद. त्यांनी स्टुलाभोवती चक्क रांगोळी घातली होती. आधी औक्षण आणि मग चित्र, असा त्यांचा कार्यक्रम. मला बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं, आणि बजावलं की आता अर्ध्यावर उठायचं नाही, आणि हललीस तर नाक वाकडं येईल.

तनू म्हणाली, "काकू, इकडे बघा. हलू नका."

मी तिच्या खांद्यावरून श्रीकांतकडे बघत होते. "अहो, जरा ऐका," म्हणायला तोंड उघडलं तोच कॅमेऱ्याशी हिरवा दिवा लागला. तेवढ्यात मायक्रोफोन कर्कश किंचाळला. तनू काहीतरी बोलली, ते मला ऐकू आलं नाही, आणि उदयराव तिला ओढून घेऊन गेले. चित्रात टक्कल जास्त दिसतंय अशी त्यांची तक्रार होती.

मी तोंड मिटलं आणि बसून राहिले. पेन कागदावर खरखरत होतं. मध्येच हात थांबायचा, मान उंचावल्यासारखा वर यायचा, कॅमेरा माझ्याकडे रोखायचा आणि पुन्हा खाली जायचा. तो बघतोय म्हटल्यावर मी पापणीसुद्धा जपून हलवत होते. नाकाला खाज सुटली. कुंकवाचा कण डोळ्यात गेला, तोही मी तसाच सोसला.

मागून श्रीकांतचा आवाज आला. "मी आणि अलकाने एक निर्णय घेतला आहे," असं म्हणाले. मी आणि अलकाने! मग एडिनबरा, ईरा, नवं घर, सगळं आधी मराठीत आणि मग इंग्रजीत रीतसर सांगितलं. टाळ्या पडल्या. मला मागे वळून बघताही येत नव्हतं. लोक रांगोळी चुकवत जवळ येऊ लागले. कोणी खांदा दाबला, कोणी म्हणालं, आता मजा आहे बाई तुझी. अंबरीश वाकून म्हणाला, "आई, हॅपी ना?" मी मान हलवली नाही. त्याने ते हो धरलं आणि माझ्या केसांवर ओठ टेकून गेला.

सर्वांत शेवटी मॉरीन आली. तिने माझा हात धरून विचारलं, मग सोमवारी माझ्याकडे कोण येईल? मी तिच्याकडे नुसती बघत राहिले. ती काठी टेकत आपल्या खुर्चीकडे गेली. ते मला सर्वांत जास्त लागलं.

रोबोचा हात थांबला. पेन आपल्या जागी जाऊन बसलं. तनू परत आली आणि मला बघून चकित झाली.

"काकू, तुम्ही अजून इथेच? एवढा वेळ का बसला?"

"चित्र चालू होतं ना," मी म्हटलं.

"नाही, म्हणजे, फोटो तर पहिल्या सेकंदात घेतला. मग रोबो त्याच्यावरून काढते. मी सांगितली ना, झालं म्हणून? तुम्ही तेव्हाच जाऊ शकत होता."

मी म्हटलं, "पण तो मध्ये मध्ये माझ्याकडे बघत होता."

"ते फक्त शो आहे. लोकांना आवडते," ती म्हणाली आणि कागद माझ्या हातात दिला.

चित्रात नाक सरळ होतं. तोंड उघडं होतं. भुवया वर, मान पुढे, एक बाई कोणाला तरी थांबवून काहीतरी सांगायच्या बेतात. पुढची बारा मिनिटं मी ज्या चेहऱ्याने बसले त्यातलं कागदावर काहीच नव्हतं. मला संताप आला. श्रीकांतचा आला, वन्संचा आला, पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त माझा आला. टाळ्या पडत होत्या तेव्हा उठले असते तर फार तर नाक वाकडं आलं असतं. तरी बसले, कारण मला भीती वाटत होती आणि हलायचं नाही हे निमित्त बरं होतं.

वन्सं डोकावून म्हणाल्या, अगं बाई, तोंड उघडं आलं, दुसरं काढून घे. मी म्हटलं, हेच चांगलं आहे, आणि रांगोळीवरून पाय देत सरळ केकच्या टेबलाशी गेले. श्रीकांत सुरी हातात घेऊन माझीच वाट बघत होते. सगळे फोन आमच्याकडे रोखलेले होते.

"अहो, मी सोमवारी सही करणार नाही," मी म्हटलं. आवाज पहिल्या रांगेपर्यंत पोचला. अंबरीशचा फोन खाली आला.

श्रीकांतनी हसू तसंच ठेवलं. हळूच म्हणाले, "अलका, लोकांसमोर नको. बस जरा. घरी बोलू."

"मघाशी बसले होते," मी म्हटलं. "बसायची गरज नव्हती म्हणे."

भिंतीशी मॉरीन एकटी खुर्चीवर होती, मांडीवर तिचं चित्र, हातात चहाचा रिकामा कप. मी तिला इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, सोमवारी साडेआठला, नेहमीसारखी, दारात तयार राहा.