बारा मिनिटांचा मजकूर

मी एक जुना शिक्का आहे. लाकडी मूठ, तळाला रबर आणि रबरावर कोरलेली एकच ओळ, तीही उलटी. हसू नका, मित्रांनो. आम्ही शिक्के जन्मालाच उलटे येतो, कागदावर टेकलो की सुलटे होतो. माझी ओळ अशी: 'मजकूर वाचून दाखवला व समजावून सांगितला.' आयुष्यभर मी एवढंच बोललो. निदान तेवढं तरी खरं बोलावं की नाही?

एका शिक्केवाल्याने मला घडवलं. कड ब्लेडने साफ करताना तो म्हणाला, "जा बाबा, नीट काम कर." तिथून मी वकीलसाहेबांच्या टेबलावर आलो. साहेब तेव्हा तरुण होते. आलेल्या माणसाला खुर्ची देत, कागद ओळ न् ओळ वाचून दाखवत, "कळलं ना?" असं दोनदा विचारत आणि मगच मला उचलत. माझा छाप बघून लोक निर्धास्त होत. काय सांगू माझा रुबाब! शेजारच्या टाचणीच्या डबीला मी भीक घालत नसे.

पुढे कामं वाढली, बाकावर रांगा लागल्या. वाचणं आधी निम्म्यावर आलं, मग "नेहमीचंच आहे" एवढ्यावर. मी मात्र धपाधप तेच बोलत राहिलो. कधी कुणाचं काही बिघडल्याचं कानावर आलं नाही, त्यामुळे माझीही भीड चेपली.

मग एक दलाल यायला लागला. परगावी नोकरीला मुली पाठवायचा. बोलणं इतकं गोड, की ऑफिसात त्याचं नावच गोडबोल्या पडलं. एके दिवशी त्याने आठ मुलींचे करार आणले. दूरच्या शहरातल्या हॉटेलात खोल्या आवरायचं काम. चार-चार पानं, परक्या भाषेत, बारीक अक्षरात. त्या आठांतली एक आमचं ऑफिस झाडणाऱ्या मावशीची धाकटी. महिनाभर ती आईच्या खाटेवर चादरीचे कोपरे घट्ट दुमडायचा सराव करत होती. मावशीच कौतुकाने सांगायची.

"साहेब, जरा वाचून दाखवता का? तिलाही कळेल," मावशी म्हणाली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. कोर्टात जायचं होतं. "अहो मावशी, नेहमीचंच आहे. काळजी करू नका."

"साहेबच म्हणतायत म्हटल्यावर झालं," मावशी लेकीला म्हणाली. धाकटीने सही केली. आणि मी, धप्, माझी ओळ बोलून मोकळा झालो.

पंधरा दिवसांनी मावशी आली ती झाडू न घेताच. "साहेब, धाकटीचा फोन आला. 'आई, हे हॉटेल नाहीये. मला विकलंय गं,' एवढंच बोलली. तेव्हापासून फोन बंद आहे."

मित्रांनो, काही माणसं मुलींना नोकरीच्या नावाने नेतात, कोंडून ठेवतात आणि त्यांच्या देहाचा बाजार मांडतात. हे तुम्हाला सांगताना माझी शाई सुकते, पण सांगायलाच हवं.

साहेबांनी हॉटेलमालकाला फोन लावला. "आठजणी मागवल्या होत्या, सात आल्या," तो म्हणाला. "ऐनवेळी एखादी गळतेच हो. म्हणून चौकशी केली नाही."

"माणूस आहे ती, गळायला काय झाडाचं पान आहे?" साहेब कडाडले आणि त्यांची नजर खाली गेली. धाकटीच्या कराराची प्रत त्यांच्या हातात होती. शेवटच्या पानावर मी होतो, ठळक, निळा.

पोलिसांत तक्रार झाली. गोडबोल्या पसार होता. ठाण्यातून परत आल्यावर मावशी पहिल्यांदाच साहेबांसमोरच्या खुर्चीत बसली. "आता वाचा," म्हणाली.

साहेबांनी वाचलं. तिसऱ्या पानावर होतं: मुलीची ओळखपत्रं दलालाकडे राहतील आणि तो नेईल तिथे तिला कामाला जावं लागेल.

"इथंच मी तिचा हात धरला असता," मावशी म्हणाली. "बरं, पुढचं वाचा."

वाचून झालं. मावशीने विचारलं, "किती वेळ लागला?"

"बारा मिनिटं."

"मी थांबले असते की, साहेब."

साहेब लहान मुलासारखे रडले. मला रडता येत नाही. पण त्या दिवशी माझं रबर फाटलं असतं तर बरं झालं असतं.

आता साहेब प्रत्येक करार मोठ्याने वाचतात. दलालाला बाहेर बसवतात, नोकरी देणाऱ्याला स्वतः फोन करतात आणि मगच मला हात लावतात. हॉटेलमालकही आता निघालेली प्रत्येक मुलगी पोहोचली की नाही ते बघतो. एक जरी दिसली नाही, तरी त्याच दिवशी साहेबांना कळवतो. गेल्या महिन्यात एका मुलीने तिसऱ्या पानावर कागद परत घेतला. "मी नाही जात," म्हणाली. मावशीने तिच्या तोंडावरून हात फिरवला, मग मोरीत जाऊन नळ सोडून कितीतरी वेळ उभी राहिली.

धाकटी अजून सापडलेली नाही. साहेब वाचायला लागले की मावशी केर काढायचं थांबते आणि दाराशी उभी राहून शेवटपर्यंत ऐकते.

मित्रांनो, नुसता माझा छाप पाहून विश्वास ठेवू नका. कोणी वाचलं, कोणासमोर वाचलं, ते विचारा. उद्या तुमच्यातलं कोणी वकील होईल, कोणी चार माणसांना काम देईल. तेव्हा माझ्यासारखा एखादा शिक्का तुमच्या हातात येईल. त्याला खोटं बोलायला लावू नका.