ग्लासावरचा पुठ्ठा

बोकडाच्या शिंगांवर अडकवलेली हिरवी लोकरी टोपी.

थंड पाण्यात बुचकळलेला ग्लास.

"माझ्या स्वयंपाकघरात कुणी परका म्हातारा सूप ढवळतोय, लवकर या," असा पोलिसांना केलेला फोन.

टोपी मिलाडाची. फोनही तिचाच. ग्लास तिच्याचसाठी बुचकळलेला. परका म्हातारा म्हणजे तिचा नवरा ओताकार. प्रागच्या 'काळा बोकड' या बिअरच्या गुत्त्यात आयुष्यभर बिअर भरत आलेला.

आठवणी पुसत चालल्यापासून घरी ती त्याला ओळखत नसे. पण दुपारी कोपऱ्यावरच्या या दारात पाऊल टाकलं की तिचा चेहरा खुलायचा. भिंतीवर टांगलेल्या बोकडाच्या मुंडक्याला टोपी घालायची, बिअरच्या नळासमोरच्या बाकावर बसायचं आणि बिअर भरणाऱ्याकडे बघून हसायचं. निवृत्तीचं वय उलटूनही ओताकार नळ सोडत नव्हता, तो या हसण्यासाठी.

आज त्यानं तिच्या आवडीचा, नुसत्या फेसाचा ग्लास भरला. दुधासारखा.

"ग्लास उतू चाललाय, म्हाताऱ्या," वेटर लुडविकनं चिडवलं. "पोरगी बघितलीस वाटतं?"

"तू तुझी ताटं उचल. रस्सा गार होतोय."

मिलाडाचा ग्लास रिकामा झाला. इथे रिकामा ग्लास दिसला की न विचारता दुसरा येतो. नको असेल, तर ग्लासाखालचा गोल पुठ्ठा उचलून ग्लासावर ठेवायचा. ओताकार स्वतःच दुसरा ग्लास घेऊन गेला.

मिलाडानं पुठ्ठा ग्लासावर ठेवला.

"फेस बिघडला का?"

"छे हो, छान होता. तुम्हीही छान आहात. म्हणूनच उद्यापासून मी यायची नाही." तिनं आवाज खाली आणला. "लग्न झालंय माझं. बरं दिसत नाही."

"नवरा रागावेल?"

"तो कसला रागावतोय! बिचारा घरी वाट बघत असेल."

ओताकारनं बोकडावरची टोपी काढली. तिच्या डोक्यावर घालायला हात उचलले. ती मागे सरकली, तशी त्यानं टोपी तिच्या हातात दिली.

"नशीबवान आहे तुमचा नवरा."

"आहेच मुळी."

"लुडविक, जरा लांबच्या रस्त्यानं घरी सोड हिला," ओताकार म्हणाला. एप्रन नळावर टाकून तो मागच्या दारानं, जमेल तसा पळत निघाला. ती पोचेल तेव्हा घरी कुणीतरी वाट बघत असायला हवं होतं.

पहिल्यांदा ती 'काळा बोकड'मध्ये आली, तेव्हा एकोणीस वर्षांची होती. त्या दिवशी तिनं ग्लासावर पुठ्ठा ठेवलाच नव्हता.