चुकलेली शिवण

दाढेत सिमेंट भरून होत आलं होतं, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंच्या नणंदेचा फोन आला. एरवी काम चालू असताना बाई फोनकडे ढुंकूनही पाहत नसत. पण नणंद दुपारची कधी फोन करायची नाही, म्हणून त्यांनी मदतनीस मुलीला तो कानाशी धरायला सांगितला.

"वहिनी, तुझ्या त्या पिशव्या असतात ना, गोळ्या ठेवायच्या?"

"काडतुसांच्या. बोला ताई."

"तसल्या पेटारा भरून निघाल्यात. उद्या सकाळी टेम्पो येतोय सगळं न्यायला."

बाई किंचाळल्याच. खुर्चीतल्या माणसाला वाटलं, आपल्या दाढेतच काहीतरी भयंकर सापडलं. तोंड उघडं असल्यामुळे बिचाऱ्याला विचारताही येईना.

नणंद एका नाट्यगृहाचा कपडेपट सांभाळत असे. इमारतीची दुरुस्ती निघाली होती, तळघर रिकामं करायचं होतं आणि जुने पोशाख दुसऱ्या एका नाटकमंडळीला द्यायचे ठरले होते. तिथल्या कोपऱ्यातला एक पेटारा कित्येक वर्षं कुणी उघडलेलाच नव्हता.

आणि डॉक्टरीणबाईंचं वेड सगळ्यांना ठाऊक होतं. युद्धकाळात ब्रिटनमध्ये बनलेल्या काडतुसांच्या पिशव्या त्या जमवत. फक्त पिशव्या. बंदूक नको, टोप नको, पदक तर नकोच. "पदक माणूस कपाटात ठेवतो," त्या म्हणत, "पिशवीत तो दिवसातून पन्नास वेळा हात घालतो." पाहुण्यांच्या खोलीत चारही भिंतींवर जाड कापडाच्या, पितळी कड्यांच्या खाकी पिशव्या लटकत. नवरा म्हणे, "लोकांकडे पाहुणे येतात, आमच्याकडे पलटण मुक्कामाला आहे."

एवढं असूनही एक पिशवी त्यांना हुलकावणी देत होती. युद्धात मित्रराष्ट्राची फौज ब्रिटनमध्ये येऊन थांबली, तेव्हा त्या फौजेच्या नमुन्याच्या पिशव्या तिथल्याच कारखान्यांनी शिवून दिल्या. नमुना एकाचा, हात दुसऱ्याचा. दोन खणांची, एका झाकणाची छोटीशी पिशवी, आणि आत इंग्रजीत शिक्का: 'ब्रिटिश मेड'. बाईंनी ती एकदाच पाहिली होती, तीही दुसऱ्याच्या काचेआड. पुढे दोनदा विकत घेतली आणि दोन्ही वेळा शिक्का हुबेहूब, पण पिशवी बनावट निघाली. तेव्हापासून शिक्क्यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. "शिक्का कुणीही मारतो," त्या बजावत, "शिवण बघा."

पुढच्या पेशंटला दुसऱ्या दिवशीची वेळ देऊन बाई निघाल्या. हातात त्यांची नेहमीची बॅग होती: तोंडात घालायचा छोटा आरसा, डोळ्यांना लावायचं भिंग, कापूस, चिमटा आणि जांभळ्या उजेडाची एक विजेरी.

तळघरात नणंदेने पेटारा इस्त्रीच्या लांब टेबलावर उपडा केला. धुरळा उडाला, दोघी शिंकल्या, आणि बाईंचा श्वास तसाच वर अडकला. दोन खण. एक झाकण. सगळ्याच्या सगळ्या त्याच! त्यांनी पहिली उचलून झाकण उघडलं. ब्रिटिश मेड. दुसरी उघडली. ब्रिटिश मेड. तिसरी, चौथी, पाचवी...

"अगं, रडतेस काय?"

"रडत नाहीये. शंका येतेय. ताई, लॉटरीचं एक तिकीट लागू शकतं. अख्खं पुडकं लागत नाही."

त्यांनी चिमट्याने एका पिशवीचा सुटलेला दोरा ओढून काढला आणि काडी लावली. दोरा जळला नाही, आक्रसला आणि टोकाला काळा मणी झाला. अस्सल सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो. हा प्लॅस्टिकच्या जातीचा होता.

"दिवा घालवा."

नणंदेने दिवा घालवला. बाईंनी जांभळी विजेरी लावली, आणि टेबलभर शिवणी निळ्या-पांढऱ्या झगझगू लागल्या. पुढच्या काळातला दोरा या उजेडात असा चमकतो. एकही पिशवी अंधारी राहिली नाही.

"सगळ्या नकली," बाई स्टुलावर बसत म्हणाल्या.

"हां, आता आठवलं!" नणंदेने कपाळावर हात मारला. "मी इथे लागले त्याच्या आधी एक युद्धाचं नाटक झालं होतं. तेव्हाच्या कपडेपटाच्या बाई म्हणजे महाखट. प्रेक्षकाला दिसो न दिसो, सगळं हुबेहूब पाहिजे. आतला शिक्कासुद्धा त्यांनीच बनवून घेतला असणार. सॉरी गं, तुला उगाच पळवलं."

बाईंनी चहा घेतला. घरी जायला उठल्याही. पण जित्याची खोड! जाता जाता त्यांनी एका पिशवीत छोटा आरसा घातला आणि भिंग लावून मधली शिवण बघितली. दोन खणांमधून ती सरळ खाली उतरत होती, तळाशी डावीकडे सरकत होती, आणि मग टाका चुकल्यासारखी मागे वळून आकड्यासारखी पुन्हा वर चढत होती.

"कारागिराचा हात घसरला असेल," नणंद म्हणाली.

बाईंनी दुसरी पिशवी पाहिली. तोच आकडा. तिसरी. तोच. त्या भराभर आरसा फिरवू लागल्या. प्रत्येक पिशवीत शिवण तिथेच सरकत होती, तितकीच, त्याच बाजूला.

"ताई," त्यांचा आवाज चिरकला, "परीक्षेत पोरं कॉपी करतात तेव्हा कशी पकडतात?"

"कशी?"

"समोरच्याची चूकसुद्धा उतरवतात! एकाच्या हातून एकदा चूक होते. एवढ्या पिशव्यांत नेमकी तीच चूक होत नाही. तुमच्या त्या खट बाईंनी समोर एक पिशवी ठेवली आणि तिच्यात जे दिसलं ते शिवलं, चुकीसकट. त्यांना वाटलं, हीच पद्धत! आणि समोर नकली पिशवी ठेवून कुणी एवढं जिवाचं रान करेल का? या सगळ्यांची आई अस्सल आहे. आणि ती या इमारतीत आलेली आहे."

"आलेली होती, म्हण."

"तुमच्याकडून काही बाहेर जातं का कधी?"

"मेलं तुटकं बटणसुद्धा जात नाही," नणंद म्हणाली आणि तिनेही पदर खोचला.

मग दोघींनी तळघर पालथं घातलं. बुटांचे खण, टोपांचे डबे, दाढीमिशांची खोकी, राजवस्त्रांखालची तरटं. बाईंच्या केसांत कोळिष्टकं अडकली, नणंदेच्या अंगावर एक लाकडी सिंहासन पडता पडता राहिलं. गुदामात नाही. सामानघरात नाही. रंगपटातही नाही. शेवटी दोघी घामाघूम होऊन रंगमंचावर, विंगेत येऊन टेकल्या.

मंचावर फ्यूजकाका दिव्यांची तपासणी करत होते. नाट्यगृहाचे दिवे सांभाळणारा हा माणूस. खरं नाव बहुधा त्यांच्या बायकोलाच ठाऊक असावं. "अंधार करतोय!" ते ओरडले आणि सगळं काळंकुट्ट झालं.

पायाखालची वाट दिसावी म्हणून बाईंनी विजेरी लावली. हाताशी जांभळीच होती. समोर अंधारात फ्यूजकाकांचा सदरा चंद्रासारखा चमकला, हसणारे दात चमकले, बुटांच्या नाड्या चमकल्या. कमरेला मात्र एक चौकोनी भोक पडल्यासारखं दिसत होतं. तिथे काहीच चमकत नव्हतं.

"काका, हलू नका!"

"का? झुरळ आहे का?"

"तुमच्या कमरेला काय आहे?"

"पिशवी. टेस्टर, चिकटपट्टी, फ्यूजच्या तारा. का हो?"

दिवे लागले. पट्ट्यावर एक छोटी पिशवी होती, काळ्या रंगाने सरसकट रंगवलेली. दोन खण. एक झाकण.

"कुठून मिळाली?"

"माझ्या उस्तादांची. त्या युद्धाच्या नाटकानंतर कपडेपटाच्या बाईंनी त्यांना दिलेली. मंचामागून जाताना पितळ चमकू नये म्हणून त्यांनीच काळी केली. ओढू नका हो, माझा सगळा संसार आहे त्यात!"

संसार स्टुलावर मांडला गेला. बाईंनी खणात आरसा घातला. मधली शिवण खाली उतरली, डावीकडे सरकली आणि मागे वळली.

"आकडा आहे," त्या कुजबुजल्या. "ताई, आकडा आहे!"

झाकणाच्या आत मात्र काळ्या रंगाचा जाड थर होता. बाईंनी कापूस ओला करून एका कोपऱ्याला लावून पाहिला. रंग पाण्याने विरघळणारा, नाटकातला होता. पण खाली शिक्का असलाच, तर त्याची शाई टिकेल का? टिकली नाही तर पुरावा आपल्याच हाताने पुसला जाणार. त्यांनी कापूस खाली ठेवला. पुन्हा उचलला.

"पुसा हो बाई," फ्यूजकाका म्हणाले. आता त्यांनाही दम निघत नव्हता.

बाईंनी चिमट्यात कापसाचा बोळा धरून, दाताच्या मुळाशी फिरवावा तसा हलकेच फिरवला. बोळा काळा झाला. नवा घेतला. खाकी कापड दिसू लागलं, आणि त्यावर एक फिकट उभी रेघ.

"आय आहे का तो?" नणंद.

"डी," फ्यूजकाका म्हणाले.

"ई! डीच्या आधी ई!" बाई ओरडल्या. "मेड आहे, मेड!"

मग तिघेही एकेक अक्षर मोठ्याने वाचू लागले. ब्रिटिश आलं, खाली सरकारी मालाची बाणाची खूण आली, शेवटी साल आलं, चव्वेचाळीस. शाई कापडाच्या धाग्यांत मुरलेली होती. बाईंनी आतून दोऱ्याचा कणभर तुकडा घेऊन काडी लावली. भुरकन जळला, कागदाचा वास आला, बोटावर करडी राख उरली. त्या राखेकडे बघत त्या हसल्या, मग नणंदेला मिठी मारून रिकाम्या खुर्च्यांसमोर गोल गोल फिरल्या.

"म्हणजे मी लढाईतली पिशवी लावून फ्यूज बदलत होतो?" फ्यूजकाका छाती काढून म्हणाले. "एवढी भारी आहे होय? मग नाही देणार."

बाई थांबल्या. नणंद म्हणाली, "वहिनी, ही पेटाऱ्यातली नाही गं. त्यांची आहे."

"बरोबर आहे," बाई हळूच म्हणाल्या. "काका, तुम्ही सांगाल ती किंमत."

"किंमत घेऊन मी टेस्टर काय कानावर खोचू? मला पिशवी लागते. हिच्या तोडीची द्या, ही तुमची."

रविवारी फ्यूजकाका हत्यारं घेऊन घरी आले. पाहुण्यांच्या खोलीत ते एकेक पिशवी पट्ट्याला लावून, वाकून, उठून, शिडीवर चढल्याचं नाटक करून बघू लागले. "हिचं झाकण अडतं." "हिला बूड नाही." "ही बायकी आहे." प्रत्येक नकाराबरोबर बाई एकदा सुस्कारा सोडत आणि एकदा रागावत. मग काका काचेच्या कपाटापाशी गेले.

"ती बघू."

ती म्हणजे बाईंच्या संग्रहाचा मुकुटमणी. युद्धाच्या सुरुवातीची मोठी पिशवी, एकदाही न वापरलेली, कापडाची खळसुद्धा न मोडलेली. तिच्यात आजवर कुणी हात घातला नव्हता. बाई स्वतः मोजे घालून तिला उचलत.

नवऱ्याने श्वास रोखला. बाईंनी किल्ली फिरवली.

फ्यूजकाकांनी पिशवी पट्ट्यावर चढवली आणि तेलकट पक्कड तिच्यात सरळ कोंबली. मग टेस्टर. मग चिकटपट्टी. झाकण खाली आलं, पितळी टिचबटण कट्‌कन लागलं.

"बसली!" ते ओरडले. "अहो, माझ्यासाठीच शिवलीय!"

बाईंनी डोळे मिटले होते. ते उघडले, तेव्हा समोर एक खूश माणूस कमरेवर थाप मारत उभा होता, आणि ती पिशवी पहिल्यांदाच फुगून, भरून, वजनाने खाली ओढली जाऊन पिशवीसारखी दिसत होती.

"घ्या," बाई म्हणाल्या. "फक्त काळी करू नका."

काका गेले. नवऱ्याने विचारलं, "हळहळ नाही वाटत?"

"वाटते ना! खूप वाटते. पण तुम्ही आधी इकडे या." त्यांनी टेबलाचा दिवा ओढला, छोटा आरसा त्याच्या हातात दिला. एवढ्या वर्षांत त्याने एकाही पिशवीत कधी डोकावून पाहिलं नव्हतं. आता त्याने चष्मा कपाळावर चढवला, भिंग लावलं आणि काळ्या पिशवीत आरसा घातला.

"सरळच तर आहे," तो म्हणाला.

"अजून खाली. तळाशी. डावीकडे बघा."

"थांब, हात नको लावूस... अगं! अगं, खरंच की, मागे वळलीय!"

"वळलीय ना?" बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसल्या.