दाजींची रिकामी ओळ

आमच्या वाद्यवृंदात दाजी ट्रँगल, म्हणजे सळईचा टणटण वाजणारा त्रिकोण, वाजवतात. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी संपल्यावर ते घरी बसून ताईच्या प्रत्येक कामात ‘असं नाही, तसं’ करू लागले, तेव्हा तिनेच त्यांना इकडे धाडले. “काहीही वाजवा, पण बाहेर वाजवा,” असे ती म्हणाली होती.

दाजींना स्वरलिपी वाचता येत नाही. हे फक्त मला ठाऊक आहे, कारण वादकांचे कागद मी तयार करतो. मूळ प्रतीतली प्रत्येक वाद्याची ओळ वेगळी काढायची आणि ज्याची त्याला द्यायची, एवढेच माझे काम. तेही मला नीट जमते असे नाही. दाजींच्या ओळीत मी स्वर मांडत नाही. नुसती रिकामी घरे आखतो आणि शेवटी जिथे वाजवायचे त्या घरावर अक्षरांत ‘टण’ असे लिहितो. दाजी सापशिडी खेळावी तसे घराघरातून बोट पुढे सरकवतात आणि ‘टण’पाशी पोचले की वाजवतात. कधी कुणाला शंका आली नाही.

गेल्या महिन्यात आमच्या संचालकांनी माझ्या संगणकावर काही प्लगइन टाकून दिली. (त्यांना कंडक्टर म्हटलेले आवडते, पण तसे म्हटले की ताई ‘सुट्टे आहेत का’ विचारते.) प्लगइन म्हणजे स्वर लिहायच्या प्रोग्रॅमला जोडायचे मदतनीस. एक सगळ्यांचे कागद झटक्यात वेगळे करतो. दुसरा सलग आलेल्या रिकाम्या घरांची मिळून एक जाड रेघ करतो. तिसरा, ज्या ओळीत एकही स्वर नाही ती ओळच काढून टाकतो.

“तुमचं आठवड्याचं काम चहा निवायच्या आत होईल,” संचालक म्हणाले.

झालेही. मध्येच पडद्यावर विचारणा आली, ‘एक रिकामी ओळ सापडली. काढायची?’ मी थोडा घुटमळलो. पण संगणकाला माझ्यापेक्षा जास्त कळते असे मी धरून चालतो. इस्त्रीबद्दलही माझे तेच मत आहे. मी ‘हो’ दाबले. कागदांचा गठ्ठा जरा हलका लागला. कागद पातळ असेल, असे वाटले.

तालमीला सगळ्यांच्या स्टँडवर कागद होते, दाजींच्या नव्हता. त्यांनी स्टँडखाली वाकून पाहिले, मग खुर्चीखाली.

“माझा कागद?”

संचालकांनी लॅपटॉप पाहिला. “तुमची ओळ रिकामी होती म्हणतंय. काढलीय.”

“रिकामी कशी? मी शेवटी असतो.”

“यात तर एकही स्वर नाही.”

“मग इतकी वर्षं दाजी काय वाजवत होते?” बासरीवाल्या बाई म्हणाल्या. बरेच जण हसले. ढोलवाल्यालाही हसू आले, आणि तो सहसा विनोदाला उशिरा पोचतो.

“तसाही ट्रँगलशिवाय शेवट जास्त सुटसुटीत वाटेल,” संचालक म्हणाले. “दाजी, आज तुम्ही नुसतं ऐका. रविवारच्या कार्यक्रमालाही प्रेक्षकांत पुढच्या रांगेत बसा.”

दाजींनी चष्मा काढला. ताईने जुन्या उशीच्या अभ्र्यातून शिवलेल्या पिशवीत ते ट्रँगल घालू लागले. ट्रँगल तीन कोपऱ्यांचे, पिशवी चौकोनी. वेळ लागत होता. आज ते घरी गेले तर परत येणार नाहीत, हे मला कळत होते. आणि खरे कारण सांगितले, तरीही परत येणार नाहीत.

मी उभा राहिलो. “चूक माझी आहे,” मी म्हणालो. “मला तो स्वर संगणकात घालता येत नव्हता. अक्षरात लिहिला होता.”

“अहो, मग विचारायचं की,” असे म्हणून संचालकांनी स्वर घातला, तिथल्या तिथे कागद छापून दाजींच्या हातात दिला आणि छडी उचलली.

कागदावर एक जाड रेघ होती, तिच्यावर किती घरे सोडायची तो आकडा आणि पलीकडे वाजवायच्या जागी एक फुली. घरे गेली होती. दाजींनी रेघेच्या डाव्या टोकावर बोट ठेवले. पुढे कुठे जायचे ते बोटाला कळेना. वाजवणे सुरू झाले तरी ते तिथेच होते. दाजी कागदाकडे बघत, मग माझ्याकडे.

मी दाराशी, प्रिंटरजवळ बसलो होतो. मला वाजवता काही येत नाही, पण पुन्हा पुन्हा उतरवून ती रचना पाठ झाली आहे. शेवट जवळ आला. बासरी थांबली. आता.

“टण,” मी म्हणालो.

दाजींनी वाजवले.

शेवटचा सूर विरल्यावर संचालकांनी छडी खाली केली. “मध्येच कोण बोललं?”

बासरीवाल्या बाईंनी माझ्याकडे बोट केले.

“रविवारी बोलायची गरज नाही.”

“आहे,” मी म्हणालो.

संचालकांनी लॅपटॉपकडे पाहिले. यावर त्यात काही नसावे. “मग जरा हळू बोला,” ते म्हणाले.

घरी ताईने दार उघडले. “कसं झालं?”

“वाजवलं,” दाजी म्हणाले. “आणि तुझा भाऊ बोलला.”

“चारचौघांत?”

“चारचौघांत. वेळेवर.”

ताईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. “मग यालाही एक पिशवी शिवते,” ती म्हणाली.